अण्णांच्या खोलीसाठी पितळी खटके: पुणे, देवास, धार

धारला जायचं ठरलं ते अण्णांच्या एका फोनमुळे. २००७ चा डिसेंबर होता. अण्णा म्हणजे माझे वडील. धारच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवलं, आणि आता काचबिंदूने दृष्टी जवळजवळ गेली आहे. धाकटा भाऊ दीपक रोज धारहून पिथमपूरला कंपनीत जातो. अण्णा त्याच्याजवळच, धारच्या घरी राहतात. त्याने दिवाळीआधी आमचं संस्थानकाळातलं घर आतून नवं करून घेतलं. नव्या फरशा, नवा रंग, भिंतीत दडवलेल्या वायरी, आणि खोलीखोलीत पांढऱ्या चकचकीत पट्टीवर एकसारख्या सपाट बटणांची रांग. पूर्वी तिथे लाकडी पाटावर बसवलेले गोल काळे खटके होते. दांडी खाली असली की दिवा लागलेला, वर असली की बंद. अण्णांना ते बोटाने कळायचं.

फोनवर अण्णा दबक्या आवाजात म्हणाले, "मंदा, जुन्या तऱ्हेचे खटके कोठे मिळतात का बघशील? माझ्या खोलीपुरते."

मग हळूहळू बाकीचं कळलं. नव्या पट्टीवर पंखा कुठला, दिवा कुठला हे त्यांना उमगत नव्हतं. लाइट जायची, मध्येच यायची, दिवा दिवसभर जळत राहायचा आणि दीपक चिडायचा. शेवटी अण्णांनी बटणांना हात लावणंच सोडलं. एकदा त्यांचा जुना विद्यार्थी संध्याकाळी भेटायला आला. खोलीत अंधार बघून, मास्तर झोपले असतील असं समजून, दारातूनच परत गेला. अण्णा जागे होते. हाक मारायला मला लाज वाटली, म्हणाले.

मी त्याच आठवड्यात रजा टाकली.

पुण्याहून इंदूरच्या रात्रीच्या खाजगी बस बऱ्याच आहेत. हिवाळ्यात जाणार असाल तर चादर स्वतःची न्या, आणि शेवटच्या रांगेतली जागा फुकट दिली तरी घेऊ नका. सकाळी सरवटे स्टँडवर उतरून पोहे खाल्ले. आपल्यापेक्षा मऊ, किंचित गोडसर, वर बडीशेप, डाळिंबाचे दाणे आणि मूठभर शेव. सोबत जिलबी. एवढी एक गोष्ट या प्रवासात मनासारखी झाली.

आधी देवास गाठलं, कारण तिथे माझा आतेभाऊ सुधीरदादा आहे. नोकरीसाठी एका कारखान्यात आला आणि तिथलाच झाला. त्याच्या मराठीत आता निम्मी हिंदी असते. जेवताना म्हणाला, हॉटेलवाल्यांना जुन्या स्टाइलचं सामान देणारा एक दुकानदार भिया आहे, देवीच्या टेकडीच्या खालच्या बाजारात. सुधीरदादाची मुलं माझ्याशी मराठी समजून घेऊन हिंदीत बोलत होती. मुलीला मी अण्णांनी दिलेलं रामरक्षेचं पुस्तक दिलं. ती म्हणाली, आत्या, पढ़ तो लूँगी, पर धीरे-धीरे.

दुकान छान होतं हे कबूल करते. तुमचंही जुनं घर असेल तर एक दुपार काढून जाण्यासारखं. चिनी मातीचे पांढरे खटके, तपकिरी बॅकेलाइटचे, पितळी टोपीचे, आणि त्यांच्यामागे बसवायच्या नाना प्रकारच्या प्लेटा: साध्या, वेलबुट्टीच्या, मण्यांच्या कडेच्या. चिनी मातीचे दिसायला सर्वांत देखणे, पण त्यांची दांडी गुळगुळीत आणि आखूड. बॅकेलाइटच्या खटक्याचा आवाज अस्सल होता, मात्र दांडी सैल होती. मी डोळे मिटून एकेक चाचपून बघायला लागले. दुकानदाराने सुधीरदादाला विचारलं, बेनजी की तबीयत ठीक है ना?

शेवटी पितळी घेतले. दांडी लांब, टोकाला छोटा गोळा, खाली-वर ठणठणीत. प्लेटा मुद्दाम वेगवेगळ्या निवडल्या: दिव्याला साधी, पंख्याला मण्यांच्या कडेची, दाराबाहेरच्या दिव्याला कातरलेल्या काठाची. मॅचिंग नहीं होगा, असं दुकानदार परत परत सांगत होता. मॅचिंग नकोच आहे, हे त्याला समजावता समजावता मी थकले.

दुसऱ्या दिवशी इंदूरवरून धार. बेटमा, घाटाबिल्लोद करत बस जाते. अंतर फार नाही, पण रस्ता तेव्हा असा होता की खड्डा चुकवला तर दुसरा मोठा मिळायचा. पिशवी मांडीवर धरून बसले. घाटाबिल्लोदला गरम कचोरी मिळते, ती बस थांबल्यावरच खा. चालत्या बसमध्ये मी ती अर्धी साडीवर सांडली.

अण्णा पलंगावर बसून वाट बघत होते. खटके हातात दिले तर लहान मुलासारखे दांड्या खाली-वर करत राहिले. प्लेटांच्या कडांवरून बोट फिरवून म्हणाले, हा पंखा, हा दिवा, आणि हा दारचा. मी त्या वेळी काहीच सांगितलं नव्हतं. फक्त कुठली प्लेट कशासाठी, एवढंच आदल्या रात्री देवासहून फोनवर बोलून ठेवलं होतं.

शुभा, म्हणजे दीपकची बायको, म्हणाली, ताई, ह्यांना येऊ द्या, मग बसवू. तिचं बरोबर होतं. पण दीपक संध्याकाळी येणार आणि मला दुसऱ्या दिवशी सकाळीच बाग गाव करून पुढे पुण्याला निघायचं होतं. मी अण्णांकडे बघितलं. ते म्हणाले, "तू लाव. मी सांगतो त्याला."

गल्लीतला इलेक्ट्रिशियन आला. खटक्यांसोबत आलेले लाकडी ठोकळे नव्या पट्टीमागच्या, भिंतीतल्या डब्यावर बसेनात. त्याने छिन्नी घातली आणि नव्या रंगाचा एक पापुद्रा निघून खाली पडला. मग आणखी एक. खटके लागले खरे, पण भोवतीने भिंत खरवडल्यासारखी दिसू लागली. अण्णांना त्याचं काही नव्हतं. ते उठले, भिंतीपाशी गेले आणि दिवा लावला. बंद केला. पुन्हा लावला. नंतर पंखा लावला, डिसेंबरात.

दीपक आला तेव्हा आम्ही चहा घेत होतो. तो ओरडला नाही. बूट काढले, खोलीत जाऊन भिंत बघून आला आणि माझ्यासमोर बसला. म्हणाला, वर्षातून एकदा येऊन असं करून जाणं सोपं असतं, ताई. रोज आंघोळ मी घालतो, डोळ्यांत औषध मी टाकतो, इंदूरला डॉक्टरकडे मी नेतो. त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. मी म्हटलं, मी माझ्या मनाने नाही आणले, अण्णांनी मागितले.

दीपकने अण्णांकडे मान वळवली. "अण्णा, तुम्ही सांगितलं होतं हिला?"

अण्णांच्या हातात कप होता. तो त्यांनी बशीत ठेवला.

"मी कशास सांगू? मला काय दिसतंय? तिच्याच मनात आलं."

दीपकने माझ्याकडे बघितलं. शुभाने बघितलं नाही. दुपारी ती तिथेच उभी होती. मी बोलू शकले असते. सत्तरी ओलांडलेल्या बापाला मुलासमोर खोटं पाडायचं, एवढंच करायचं होतं. मी कप उचलून स्वयंपाकघरात गेले.

बाग गावच्या कापडछपाईच्या कारखान्यात जायचं, साडी घ्यायची, लेणी बघायची, असं सगळं ठरवून आले होते. तुम्ही जाल तेव्हा धारहून बागसाठी पूर्ण एक दिवस ठेवा, असं सगळे सांगतात. मी गेले नाही. सकाळी अण्णांच्या पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, खिडकीची जागा मिळते का बघ, म्हणाले. खटक्यांचा विषय त्यांनीही काढला नाही.

स्टँडवर शुभा सोडायला आली होती. बस सुटायच्या आधी खिडकीशी येऊन म्हणाली, "ताई, मी बोलायला हवं होतं. पण तुम्ही आत्ता निघाल. अण्णांना इथेच राहायचंय, आणि मलाही."

महिन्याभरात दीपकने भिंत दुरुस्त करून घेतली आणि पांढरी पट्टी परत बसवली. त्याने स्वतःच फोन करून सांगितलं, अगदी शांतपणे. अण्णांच्या खोलीतला दिवा आता अंधार पडला की शुभा लावते आणि झोपताना बंद करते. सोय म्हणाल तर झाली.

जुन्या ढंगाचे खटके कुठे मिळतात, असं या ब्लॉगवर कोणी कोणी विचारतं. देवासला मिळतात, चांगले मिळतात, दांडी लांब बघून घ्या. बसवण्याआधी डब्याचं माप न्या. बाकी मला काही सांगता येत नाही. दीपकवरचा राग केव्हाच गेला. अण्णांवरचा जात नाही, आणि ज्याला दिसत नाही, ज्याला आंघोळही दुसऱ्याच्या हाताने करावी लागते, त्या माणसावर मी रागावलेय हे कोणाला बोलूनही दाखवता येत नाही.

दर रविवारी फोन होतो. तिकडे थंडी किती, इकडे किती. अण्णा आता माझ्याकडे काही मागत नाहीत, आणि काय हवंय हे मी विचारत नाही.