‘गाडी सुटनी’ची बी बाजू

“लक्ष द्या. नाही दिलं तर गाडी जाईल, मी इथेच आहे.”

जळगाव स्टँडच्या कर्ण्यातून आधी माइकवरच्या दोन टिचक्या ऐकू यायच्या, मग हे वाक्य, आणि त्यामागून गावांची नावं. हा आवाज ज्यांचा, ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते. उंच, हडकुळे, खाकी शर्टाच्या खिशात तीन पेनं, त्यातलं एकही न चालणारं. इतर नियंत्रक गावांची नावं वाचत. हे ती वाजवत. ‘नेरी’ झटकन टाकायचे, ‘पहूर’ची ‘हू’ इतकी लांबवायचे की पिशवी खांद्याला लावून होई, आणि ‘यावल’ म्हणताना दर वेळी कुणावर तरी चिडल्यासारखे वाटत. मी रोज पहूरहून जळगावला नोकरीला येत असे. जाता-येता हा आवाज फुकटात कानावर पडे, आणि फुकटातल्या गोष्टीची जी किंमत आपण करतो तीच मीही केली.

माझी नोकरी वर्तमानपत्रात. रविवारच्या पुरवणीत पुस्तकं, नाटकं, कॅसेटी यांच्यावर मी चार-चार ओळी लिहायचो. त्या चार ओळींनी गावातल्या कवींचा रविवार चांगला किंवा वाईट जाई. हे मला माहीत होतं आणि आवडतही होतं. अशी माणसं तुमच्याही गावात असतील. त्यांना ओळखायची खूण सोपी आहे. ती कुठलीही गोष्ट उघडायच्या आधी हसतात.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. एका ड्रायव्हरने मुंबईहून अमेरिकन रॅपची कॅसेट आणली आणि कंट्रोल केबिनमध्ये लावली. सगळे कानांवर हात ठेवून बाहेर पळाले. हे तेवढे बसून राहिले. कॅसेट संपल्यावर म्हणाले, “हाई तं मी बारा वरीसपाईन करी ऱ्हायनू!”

पुढच्या उन्हाळ्यात सगळी रजा खर्चून ते धुळ्याला गेले. तिथे एक माणूस भजनं आणि लग्नाची गाणी रेकॉर्ड करून द्यायचा. त्याच्याकडे, बँडमधल्या दोन वाजवणाऱ्यांना घेऊन, त्यांनी अहिराणी रॅपची कॅसेट केली. नाव, ‘गाडी सुटनी’. मुखपृष्ठावर स्वतःच. काळा गॉगल, उलटी टोपी, मे महिन्यात जाकीट, आणि पाठीमागे एसटीचं पंक्चर चाक.

ती कॅसेट त्यांनी स्वतः माझ्या टेबलावर आणून ठेवली. “तुमना कानवर घालनी व्हती,” एवढंच म्हणाले.

मी मुखपृष्ठ पाहिलं. शेजारच्या टेबलाला दाखवलं. सगळे पोट धरून हसले. मग मी चार ओळी लिहिल्या. ‘खान्देशातल्या उन्हाने माणसाचं काय होऊ शकतं, याचा हा पुरावा. गाडी सुटली आहे. डोकं स्टँडवरच राहिलं आहे.’ कॅसेटवरचा चकचकीत कागददेखील मी काढला नव्हता.

रविवारी ते छापून आलं. सोमवारी दुपारी नियंत्रक कचेरीत आले, हातात कात्रण. आवाज चढला नव्हता.

“आयकी का?” त्यांनी विचारलं.

“ऐकली ना.”

“दोन्ही बाजू?”

“दोन्ही.”

“बी बाजूले काय शे?”

मी क्षणभर इकडेतिकडे पाहिलं. “तेच हो आपलं,” मी म्हणालो, “प्रेमबिम.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता भांडतील. भांडले असते तर पुढच्या रविवारी मी त्यावरही चार ओळी लिहिल्या असत्या. पण त्यांनी कात्रणाची बारीक घडी केली, त्या न चालणाऱ्या पेनांमागे सारली, “बरं शे,” म्हणाले आणि गेले.

माझ्या त्या ओळी स्टँडवर कॅन्टीनच्या भिंतीला चिकटवल्या गेल्या. ड्रायव्हर-कंडक्टर नियंत्रकांना बघून “डोकं आणलं का भाऊ?” म्हणायला लागले. सहीसाठी उभ्या कंडक्टरने हे विचारल्यावर सगळी रांग हसायची. अशा वेळी ते खाली मान घालून त्याच्याच पेनने सही करायचे.

त्यानंतरची घोषणा मला नीट आठवते. ‘पहूर’ तीन अक्षरांत संपलं. गावांची नावं किराणा मालाच्या यादीसारखी आली आणि गेली. मी फलाटावर उभा होतो. वाटलं, सर्दी झाली असेल. पुढची सगळी वर्षं, निवृत्त होईपर्यंत, ती सर्दी बरी झाली नाही. मी मात्र ‘परखड लेखणी’साठी दोन पुरस्कार घेतले.

निवृत्तीनंतर ते जळगावातच, पिंप्राळ्यात राहिले. दोन वर्षांपूर्वी वारले. बातमी मी वाचली, पण गेलो नाही.

आणि आता गंमत पाहा. गेल्या वर्षी धुळ्याच्या एका प्राध्यापकाला भंगारात ती कॅसेट सापडली. त्याने ती इंटरनेटवर चढवली. महिनाभरात ती खान्देशातल्या प्रत्येक मोबाइलमध्ये वाजू लागली. ज्यांनी आयुष्यात अहिराणीचा एक शब्द घरात बोलू दिला नाही, ते ‘आपली माय बोली’ म्हणत ती एकमेकांना पाठवू लागले. मलाही चौघांनी पाठवली.

मी दुपारी दार लावून बी बाजू ऐकली.

प्रेमबिम काही नव्हतं. धरणात गेलेल्या गावांच्या गाड्या त्यात लागत होत्या. एकेका बुडालेल्या गावाचं नाव, फलाट क्रमांक, सुटायची वेळ. त्यात त्यांचं स्वतःचंही गाव होतं. ढोलकी मागे धापा टाकत होती आणि तो जुना आवाज, मला फुकटात मिळालेला, पुढे धावत होता:

गाव बुडनं, पाटी ऱ्हायनी,
पाटी वाचाले कोन शे?
सायेब, तुमनं गाव कोनतं?
तठे बी एक गाडी सोडू का?

ती बाजू संपली तेव्हा मी उठून पंखा बंद केला. का, ते मला अजून सांगता येत नाही.

मग धुळ्यात सभा झाली. ‘खान्देशाच्या पहिल्या रॅपरला मानवंदना.’ अध्यक्षस्थानी एक ज्येष्ठ कवी. याच गृहस्थांनी तेव्हा माझ्या टेबलापाशी उभं राहून ‘असल्या भाषेत शिव्या द्याव्यात, कविता करू नये’ असं सांगितलं होतं. आता ते ‘मातीचा हुंकार’ वगैरे म्हणत होते. म्हणाले, “मी तेव्हाच ओळखलं होतं.” पहिल्या रांगेत नियंत्रकांच्या पत्नी बसल्या होत्या. मांडीवर कापडी पिशवी, चेहरा दवाखान्यात नंबर लावल्यासारखा. बी बाजू पूर्ण लावली गेली. त्या हलल्या नाहीत.

मला ‘त्या काळचे साक्षीदार’ म्हणून बोलावलं होतं. मी माइकपाशी गेलो आणि जे होतं ते सांगितलं. “मी ती कॅसेट न ऐकता तिची टिंगल केली. ते विचारायला आले, तेव्हा त्यांच्या तोंडावर खोटं बोललो. त्यानंतर त्यांनी काही केलं नाही.”

सभागृह हसलं. मग टाळ्या वाजल्या, चांगल्या दणदणीत. अध्यक्षांनी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, “केवढा हा विनय!” मी पुन्हा सांगायचा प्रयत्न केला, “अहो, विनय नाही, खरंच,” तर टाळ्या वाढल्या. आमच्याकडे माणूस खरं बोलला की त्याचं वक्तृत्व चांगलं ठरतं.

टाळ्या न वाजवणाऱ्या एकट्या नियंत्रकांच्या पत्नीच होत्या. आभार चालू असतानाच त्या उठल्या. त्यांना जळगावची गाडी गाठायची होती. मी मागोमाग गेलो आणि त्यांच्याबरोबर रिक्षात बसलो. फलाटावरच्या बाकावर त्या टेकल्या, मी उभा राहिलो.

“वहिनी,” मी म्हणालो, “तिथे सांगितलं ते खरं. तो मीच.”

“माहीत शे, भाऊ. तुमनं कात्रण घरमा शे.” त्यांनी पिशवीची गाठ सोडली, पुन्हा बांधली. “त्यासनी ती कॅसेट घरमा कधी लावीच नही. मी आज पहिल्यांदा आयकी.”

मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलो.

“आवाज त्यासनाच,” त्या म्हणाल्या. “पन त्यासना पोटमा इतला राग व्हता, हाई माले आज समजनं. घरमा तं बोलतच नव्हतात.”

गाडी लागली. त्या कुणाचा हात न धरता चढल्या, खिडकीशी बसल्या आणि पिशवी मांडीवर घेऊन सरळ समोर पाहू लागल्या.