ताटाभोवतीच्या सह्या

जपानमधल्या हिगाशी-कसाईतल्या एका सातमजली इमारतीत सूचनांची पाटी घरोघर फिरवायचं काम गेली बारा वर्षं गुणवंत साठ्यांकडे होतं. कचरा कोणत्या दिवशी, पाणी कधी बंद; पाटी द्यायची, वाचल्याचा शिक्का घ्यायचा, पुढचं दार गाठायचं. निवृत्तीनंतर लेकाकडे राहायला आलेले गुणवंतराव सभेत कधी तोंड उघडत नसत, पण दारात उभं राहून समोरच्याचं सगळं ऐकून घेत.

म्हणूनच तिसऱ्या मजल्यावरच्या लामिनने त्यांना गाठलं. हा गांबियाचा, विद्यापीठात संशोधन करणारा. त्याच्या देशात नव्या राज्यघटनेचा मसुदा चर्चेला आला होता आणि परदेशातल्यांनी रविवारी संध्याकाळपर्यंत मत कळवायचं होतं. आसपासच्या नऊ गांबियन घरांचं एकमताचं पत्र जावं, ही त्याची धडपड. पण सभा भरली की भांडण ठरलेलं.

"सभा घेऊच नका," गुणवंतराव चाचरत म्हणाले. "दारोदार जाऊ."

तीन आठवडे दोघे हिंडले. प्रत्येक घरी चहा झाला, वाद झाला, आणि शेवटी एक वाक्य सगळ्यांना पटलं: देशाबाहेर राहणाऱ्यालाही मत देता यावं.

रविवारी दुपारी मंडळी सह्यांसाठी लामिनकडे जमली. गुणवंतरावांनी पाटीच्या सवयीने नावं वाटेप्रमाणे लिहिली होती. ज्याचं घर आधी लागतं, तो वर. सर्वांत वर बाकारीकाकांचं नाव आलं. सुलेमानकाकांनी पेन खाली ठेवलं.

"हा माझ्याहून दोन वर्षांनी लहान."

"पण जपानात मी आधी आलो," बाकारीकाका म्हणाले.

दोघांनी हाताची घडी घातली. लामिन घड्याळाकडे पाहू लागला.

गुणवंतराव घरी आले. "माझ्यामुळे सगळं फिसकटलं," त्यांनी पत्नीला, विद्याताईंना, सांगितलं.

त्या ताटं पुसत होत्या. "आपल्या लग्नात तुमचे मामा मानाच्या पाटावरून रुसले, तेव्हा माझ्या बाबांनी पंगत गोल मांडली होती. तुम्ही नुसते बघत बसला होतात."

"मी नवरदेव होतो."

"मग काय, आताही बघतच बसणार?"

गुणवंतराव त्यांच्या हातातलं ताट घेऊन जिना उतरून लामिनकडे आले. कोऱ्या कागदावर ताट पालथं घालून त्यांनी पेन फिरवलं, मधोमध ते वाक्य लिहिलं आणि म्हणाले, "कडेने सह्या करा. इथे पहिलं कोणी नाही."

सुलेमानकाकांनी कागद निरखला. "ताट आणलंत, जेवण कुठंय?"

हशा पिकला आणि त्या हशातच त्यांनी सही केली. बाकारीकाकांनी कागद आपल्याकडे फिरवून घेतला. नऊ सह्यांसाठी कागद नऊ वेळा फिरला.

पावणेपाचला गुणवंतराव आणि लामिन कोपऱ्यावरच्या कोनबिनीत, चोवीस तास उघड्या असलेल्या दुकानात, पत्र स्कॅन करायला गेले. यंत्रापाशी लामिन थबकला.

"अंकल, वरची बाजू कुठली? सगळ्यांना फोन करून विचारू?"

"अजिबात नको," म्हणत गुणवंतरावांनी डोळे मिटून कागद काचेवर ठेवला.