टाकाखालचं लेबल

सबनीस साहेब मंगळवारी गेले. ते आमच्या म्युझियमचे क्युरेटर होते आणि मी त्यांचा असिस्टंट. एखादी वस्तू घ्यायची की नाही, आणि घेतली तर तिच्याविषयी लोकांना काय सांगायचं, हे ठरवणं क्युरेटरचं काम. त्यांच्याकडून शिकलेलं बरंचसं पुस्तकांतही सापडतं. एक गोष्ट सापडत नाही, ती लिहून ठेवतो.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. फाउंटनकडे मोर्चा होता, ट्राम अडकल्या होत्या. दुपारी शिपाई धापा टाकत वर आला.

"साहेब, मोर्चेवाले आत घुसले!"

मी खाली गेलो. एक तरुण होता आणि पांढरं लुगडं नेसलेली त्याची आई. दोघं परळहून, भोईवाड्यातून चालत आले होते. तो काशिनाथ, मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला. आईचं नाव भागीरथीबाई. काशिनाथने रुमालाची गाठ सोडली. आत चांदीचा एक टाक होता.

टाक म्हणजे देव्हाऱ्यात ठेवायचा चांदीचा लहानसा पत्रा. सोनार तो ठशावर ठोकून त्यात देवाची आकृती उठवतो. काही घरांत मेलेल्या माणसाचाही टाक करतात आणि देवांबरोबर त्याची पूजा होते. या टाकावर घोडेस्वार होता.

"खंडोबा?" मी विचारलं.

"माझा बाप," काशिनाथ म्हणाला.

मायलेकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. चाळीतल्या सगळ्यांनीच घेतली होती. घराघरांतले देव गोण्यांत भरून ठेवले होते. रविवारी ते दादरच्या चौपाटीवर समुद्रात सोडायचे होते. पुढाकार काशिनाथचाच.

"चाळीला शब्द दिलाय, कुणाच्या घरात एकही राहणार नाही. मग माझ्याच घरात कसा ठेवू? आणि समुद्रात टाकायचा तर तो मलाच टाकावा लागणार."

"द्येव मी माझ्या हातानं गोणीत घातले," भागीरथीबाई म्हणाल्या. "मला त्याचं काय न्हाय. पर ह्ये द्येव न्हाईत. ह्ये माझे धनी हाईत. त्यांचा फोटू न्हाय."

टाक म्युझियमने ठेवून घ्यावा, एवढंच त्यांना हवं होतं. मी त्यांना साहेबांकडे नेलं. साहेबांनी टाक भिंगाखाली धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"अलीकडचा आहे. बाजारातला ठसा. असे टाक पेठेपेठेत मिळतात."

"सोनाराकडं त्योच ठसा हुता," भागीरथीबाई म्हणाल्या. "न्हाईतर धनी जल्मात घोड्यावर बसलं न्हाईत. ट्राममधी बसाया पन भ्यायचे."

काशिनाथला हसू आवरेना. "आये, हे कशाला सांगतेस?"

साहेब हसले नाहीत. "बाई, तुमची काही अट आहे का?"

"एकच. कुनी हात जोडायचे न्हाईत. फूल न्हाय, कुकू न्हाय. इतकी वर्सं मी त्यांना द्येव करून ठिवलं. आता त्यांना मान्सात ठिवायचं हाय."

मी पाटीवर बाराखडी लिहायला शिकलो तेव्हापासून शाळा-कॉलेजांत धर्मावर पुष्कळ व्याख्यानं ऐकली होती. हे वाक्य त्यातल्या एकाही व्याख्यानात नव्हतं.

पण नियम आडवा येत होता. म्युझियम अट घातलेली देणगी घेत नाही. आज एकाची अट मानली की उद्या दुसरा म्हणतो, आमच्या आजोबांची पगडी दारातच लावा. ट्रस्टी असल्या बाबतीत फार कडक होते. साहेबांनी हे सगळं समजावून सांगितलं. काशिनाथ रुमालाची घडी घालू लागला.

"चल आये. रविवारी बघू."

भागीरथीबाई उठल्या नाहीत. टेबलावरच्या टाकाकडे बघत बसल्या.

"थांबा," साहेब म्हणाले. "अट मी घेऊ शकत नाही. पण वस्तू घेतली तर लेबल मी लिहितो. आणि लेबल खरं असलं पाहिजे, हाही नियमच आहे. तेव्हा हे कोण, ते मला सांगा."

त्या सांगू लागल्या. नाव धोंडीबा. गाव साताऱ्याकडचं. साचेखात्यात काम. छातीच्या दुखण्याने गेले तेव्हा काशिनाथ पाळण्यात होता. साहेब लिहीत होते. मधेच त्यांनी विचारलं, "दिसायला कसे होते?" त्यांनी दाराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "उंच. दारात वाकून यायचे."

मी ॲक्सेशनची तयारी केली. ॲक्सेशन म्हणजे वस्तू म्युझियमची झाल्याची नोंद. तेव्हा वस्तूच्या पाठीमागे बारीक अक्षरांत लाल नंबर घालतात.

"त्यांच्या पाठीवर काय लिवता?" भागीरथीबाईंनी विचारलं.

"नंबर."

"मिलमधी बी नंबर हुता," त्या म्हणाल्या. "बिल्ल्यावर. घाला."

त्या काळी आमची लेबलं इंग्रजीत, छापून येत. साहेबांनी छापील येईपर्यंत म्हणून एका कार्डावर शाईने मराठीत लिहिलं: 'टाक. चांदी, पाठीला तांबे. धोंडीबा, साचेवाले, राहणार भोईवाडा, यांच्या स्मरणार्थ घडवलेला. पूर्वी पूजेत होता.' शेवटचं वाक्य लिहून त्यांनी कार्ड काशिनाथला वाचायला दिलं. त्याने ते आईला वाचून दाखवलं.

"पूर्वी," त्या म्हणाल्या. "व्हय. बराबर."

रविवारी चाळीतल्या गोण्या समुद्रात गेल्या. काशिनाथ सगळ्यांत पुढे होता, असं मी ऐकलं.

त्यानंतर भागीरथीबाई अधूनमधून येत. कपाटासमोर उभ्या राहत. हात मागे बांधलेले. गॅलरीत इतर बायका नटराजापुढे नमस्कार करून जात, ह्या कधीच करत नसत. थोडा वेळ थांबून निघून जात.

काही वर्षांनी काशिनाथ एकटा आला. आई गेली होती. त्याने एक कागद पुढे केला. भोईवाडा कोर्टाबाहेरच्या लेखनिकाकडून लिहून घेतलेलं मृत्युपत्र, खाली अंगठा. त्यात एकच वस्तू होती, नवऱ्याचा पितळी बिल्ला, आणि तो म्युझियमला दिला होता.

मृत्युपत्रातून येणाऱ्या देणगीला आमच्याकडे बिक्वेस्ट म्हणतात. असे बिक्वेस्ट पेढीवाल्यांचे येत, संस्थानिकांचे येत. त्यांच्या वकिलांशी साहेब बसूनच बोलत. काशिनाथपुढे मात्र ते उठून उभे राहिले आणि बिल्ला दोन्ही हातांनी घेतला.

"अट?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," काशिनाथ म्हणाला. "म्हणाली, सायेब बघतील."

अटीची देणगी घेऊ नये हा नियम अजून तसाच आहे. लेबल खरं असावं, हाही.

छापील लेबल कधी आलं नाही. टाक आणि बिल्ला एकाच कपाटात आहेत, आणि खाली साहेबांच्या अक्षरातलं ते कार्ड आहे.