दात नसलेल्यांची भाषा

जगात आहेत तेवढ्या सगळ्या भाषा अपुऱ्या वाटणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या सासरचा निघाला. आमच्या सौभाग्यवतींचे हे मावसभाऊ, म्हणजे माझे मावसमेहुणे. व्यवसायाने दातांचे डॉक्टर, दवाखाना हुबळीत केशवापूरला आणि घर नवनगरात. नवनगर पडलं हुबळी आणि धारवाडच्या मधोमध. त्यामुळे हुबळीकर त्यांना धारवाडचे समजतात, धारवाडकर हुबळीचे, आणि ते स्वतः बहुतेक वेळ दोन्हीकडे नसतात. ते असतात डोंगरापलीकडच्या एका मुलखात, जिथे राक्षस राहतात. त्या राक्षसांना बोलायला धड भाषा नाही, या काळजीने गेली काही वर्षं त्यांना शांत झोप लागलेली नाही.

आता आमच्याकडे भाषांची टंचाई आहे, असं मुळीच नाही. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, बँकेत इंग्रजी आणि रिक्षावाल्याशी हुज्जत घालताना हिंदी, हे इथल्या प्रत्येक मराठी घराचं वळण. शिवाय यांतली कुठलीच भाषा आम्ही वाक्याच्या शेवटपर्यंत नेत नाही. "अक्का, स्वल्प साखर दे की" हे वाक्य कुठल्या भाषेतून निघालं आणि कुठल्या भाषेत पोचलं, याची इथे कुणी चौकशी करत नाही. साखर मिळाली म्हणजे झालं. मेहुण्यांना मात्र याचा लहानपणापासून त्रास. "खिचडी आजारी माणसाने खायची असते," असं ते म्हणतात, आणि मराठीत बोलताना मराठी, कन्नडमध्ये बोलताना कन्नड, असं निवडून-पाखडून बोलतात. परिणाम असा, की दोन्हीकडचे लोक त्यांना बाहेरगावचे समजतात.

या सगळ्याला निमित्त झालं एका डबीचं. त्यांचा मुलगा शिकायला परदेशी गेला आणि त्याच्या कपाटात ही डबी सापडली. आत रंगीबेरंगी फासे, पण आपले चौकोनी नव्हेत. कुणाला आठ बाजू, कुणाला बारा, एकाला तर वीस. डॉक्टरांना आधी वाटलं, चिरंजिवांनी दवाखान्यातल्या उपटलेल्या दाढा रंगवून ठेवल्यात. फोनवर विचारल्यावर कळलं, की हा गोष्टीचा खेळ आहे. टेबलाभोवती बसायचं, एकाने मुलूख रचायचा आणि गोष्ट सांगायची. बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं कुणीतरी व्हायचं, कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी चोर, आणि आपण पुढे काय करणार ते बोलून दाखवायचं. ते साधलं की फसलं, हे फासा ठरवणार. दुसऱ्या एखाद्या बापाने "बरं" म्हणून डबी कपाटात परत ठेवली असती. यांनी विचारलं, "तुमच्या खेळातले राक्षस बोलतात कुठल्या भाषेत?" मुलगा म्हणाला, "इंग्लिशमध्ये, अप्पा." डॉक्टर दोन दिवस जेवले नाहीत असं त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, सांगतात. मेहुणे जेवण सोडणाऱ्यांतले नव्हेत, त्यामुळे हे मी पूर्णपणे खरं मानत नाही, पण धक्का मोठा होता एवढं नक्की.

तिसऱ्या दिवसापासून ते राक्षसांच्या भाषेला लागले. तिचं नाव घोमाळी. कुणी दुसऱ्याने ही भाषा केली असती तर ती व्याकरणापासून सुरू केली असती, यांनी जबड्यापासून केली. त्यांचे राक्षस पिढ्यान्‌पिढ्या खडक खातात. सबब चाळिशीच्या आतच त्यांच्या तोंडात एकही दात उरत नाही. दात नाहीत तर दातांवर जीभ टेकून उच्चारायची अक्षरं कुठून येणार? एका फटक्यात त, थ, द, ध, न बाद झाले. पाठोपाठ स आणि ल हेही गेले. "मग ळ कसा ठेवलात?" असं मी विचारल्यावर त्यांनी माझ्याकडे कीड लागलेल्या दाढेकडे बघावं तसं पाहिलं. म्हणाले, "टाळू शाबूत आहे ना त्यांची! आणि ळ नसलेल्या भाषेत माणसाने बोलावं तरी कशाला?"

नुसत्या तर्कावर विसंबणारे ते नव्हेत. दवाखान्यात रोज बिनदाताची माणसं आयती येत. धारवाडहून एक वृद्ध वकील कवळी बसवायला आले. माप घेऊन झाल्यावर डॉक्टर त्यांना म्हणाले, "काका, म्हणा बघू, मोगू घाप ओवाळ." वकिलांनी मन लावून म्हटलं. त्यांना वाटलं हा उपचाराचाच भाग. कवळी बसली, पण पुढे महिनाभर रोज सकाळी अंगणात उभं राहून ते "मोगू घाप ओवाळ" म्हणत होते आणि हिरड्यांना फार आराम पडतो असं चारचौघांना सांगत होते. त्या वाक्याचा अर्थ 'बाजूला हो, मला दरीत उडी मारायची आहे' असा होता. वकील आजही ठणठणीत आहेत.

शब्दांच्या बाबतीत मेहुणे काही ठिकाणी अतिशय कंजूष आणि काही ठिकाणी उधळे. राक्षस भेटले की 'नमस्कार' म्हणत नाहीत, "गोवाक?" असं विचारतात, म्हणजे 'खडक खाल्लास का?' हे आपल्या गावातल्या "ऊट आत?" वरून उचललंय असं मी म्हटलं, तेव्हा त्यांनी ठामपणे नाकारलं. जेवलास का हे आमच्या गावात नाही तर कुठे विचारतात, पण ते असो. 'माणूस' असा शब्दच घोमाळीत नाही, समोर येईल तो राक्षस. आणि दातदुखीला मात्र शब्दांचा नुसता पाऊस. ठणकणारी, चमकणारी, गोड खाल्ल्यावरची, पहाटेची, शेजाऱ्याला सांगावीशी वाटणारी, प्रत्येकीला वेगळा शब्द. "पण त्यांना दातच नाहीत, डॉक्टर," असं मी म्हणालो. ते हातातलं काम थांबवून म्हणाले, "दात जातात. दुखणं कुठे विसरतं?" त्या दिवशी मला प्रथमच वाटलं, की हा माणूस चेष्टेवारी नेण्यासारखा नाही. अर्थात मी चेष्टा थांबवली नाही.

वहिनी या सगळ्याकडे स्वयंपाकघराच्या दारातून बघत असत. "घरात पाच भाषा झाल्या, आणि बोलायला माणूस एक पण नाही," असं त्या एकदा म्हणाल्या. वर्मी लागेल असंच होतं ते, कारण डॉक्टरांची खरी काळजी तीच होती. ते स्वतःच म्हणत, "भाषा दोघांची असते. एकट्याची असली तर तिला खोकला म्हणतात." कुणीतरी, कधीतरी, डॉक्टरांनी न सांगता, आपल्या गरजेपोटी घोमाळीत बोलावं, एवढीच त्यांची इच्छा. त्यासाठीच त्यांनी रविवारचं टेबल मांडलं.

टेबलाला तिघे खेळाडू जमले. एक रायापूरच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापक बाई, दुसरे हुबळीच्या बाजारातले साड्यांचे दुकानदार बसण्णा आणि तिसरा, पाहुणा म्हणून अडकलेला मी. बसण्णा डॉक्टरांकडे अक्कलदाढ काढायला आले आणि खेळाडू होऊन बाहेर पडले. मोठा उमदा माणूस. घरची भाषा कन्नड, पण मराठी गिऱ्हाइकांमुळे मराठी आमच्याइतकीच, आणि उत्साह आमच्या तिप्पट. डॉक्टरांचा नियम एकच. राक्षसाच्या वेशीवर फक्त घोमाळी. दुसऱ्या भाषेचा एक शब्द तोंडातून गेला की वरून दरड कोसळणार. धारवाडच्या माणसाला हा नियम लावणं म्हणजे माशाला अंघोळ घालून कोरडं ठेवण्यातला प्रकार. पहिल्या रविवारी बाई "अय्य!" म्हणाल्या आणि दरडीखाली गेल्या. मी "अरेरे" म्हणालो, मीही गेलो. बसण्णा छातीवर हात ठेवून म्हणाले, "मोगू री, स्वल्प घाप की," आणि उरलेला डोंगर त्यांच्यावर कोसळला. वहिनींचे पोहे यायच्या आत आमची मोहीम संपलेली असे.

तरीही आम्ही शिकलो. हौसेला मोल नसतं म्हणतात ते खरं, आणि पोहेही चांगले असत. काही महिन्यांत बसण्णा तर चांगलं घडाघडा बोलू लागले. पण एक गोष्ट काही केल्या त्यांच्या जिभेवरून उतरेना. ते राक्षसाला कन्नडमधला आदराचा 'री' लावत. "गोवाक री?" असं अदबीने विचारत. डॉक्टर समजावत, की घोमाळीत मोठा-लहान नाही, डोंगराखाली सगळे सारखे, अहो-जाहो चालणार नाही. बसण्णा ऐकून घेत आणि पुन्हा तेच.

एका रविवारी डॉक्टरांचा तोल सुटला. "बसण्णा, तो री आधी काढा!"

"कसा काढू, सर? एवढा डोंगराएवढा माणूस समोर, त्याला अरे-तुरे कसं करायचं? माझ्या तोंडातून जात नाही बघा."

"तो माणूस नाही, राक्षस आहे."

"राक्षस असला तरी कुणाच्या तरी घरचा थोरलाच असणार की, सर."

मी हसलो. हसायला नको होतं, कारण डॉक्टर पांढरेफटक पडले आणि म्हणाले, "हे तुमचं दुकान नाही. माझ्या भाषेत गादी पसरून बसू नका." बसण्णांनी वीस बाजूंचा फासा अलगद टेबलावर ठेवला, वहिनींना "येतो, अक्का" म्हणाले आणि गेले. ते परत आले नाहीत. दोघांवर खेळ चालेना, मग बाईही थांबल्या. रविवारची दुपार रिकामी झाली. डॉक्टर शब्द करतच राहिले, पण आता करून कुणाला सांगत नसत. मी गेलो तर क्रिकेटविषयी बोलत, आणि ते त्यांना अजिबात येत नाही. बसण्णांना एक फोन करा असं मी आणि वहिनींनी मिळून किती वेळा सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

पुढे आमच्या घरात भाचीचं लग्न निघालं आणि सौभाग्यवतींनी साड्यांसाठी बसण्णांचंच दुकान धरलं. गाडी मेहुण्यांची, चालवणारे मेहुणे, पण ते आत येईनात. बाहेर पायरीवर, चपलांच्या गर्दीत, पाठ करून बसले. आत दोन्ही भाऊ गादीवर होते, बसण्णा आणि त्यांचा धाकटा. साड्या उलगडू लागल्या. आता हुबळीच्या गिऱ्हाइकासमोर दुकानदाराने आपसात गुपचूप बोलायचं कुठल्या भाषेत? कन्नड सगळ्यांना कळते, मराठी कळते, हिंदी-इंग्रजीचा तर प्रश्नच नाही. बाजारातली जुनी खुणेची बोलीही आता बायका ओळखतात. आमची ही एका साडीशी घुटमळत असताना बसण्णा धाकट्याकडे न बघताच काहीतरी म्हणाले, धाकट्याने तितक्याच सहज उत्तर दिलं, आणि माझ्या अंगावर काटा आला. ती घोमाळी होती. अर्थ साधारण असा, 'वरच्या फळीला हात लावू नको, मागच्या वर्षीची साल काढ. ही राक्षसीण गोड बोलण्याने भुलेल.' राक्षस झाडांच्या साली नेसतात, त्यामुळे साडीला तोच शब्द.

मी दाराकडे पाहिलं. पायरीवरची पाठ ताठ झाली होती.

मागच्या वर्षीची साल गोड बोलण्यासकट पसंत झाली. ही ती घेऊन दारात गेली आणि म्हणाली, "अण्णा, बघ की. कशी आहे?" सख्ख्यासारखी वाढलेली मावसबहीण. जुनी साल आहे एवढं सांगायला एक शब्द पुरला असता. मेहुण्यांनी साडीकडे बघितलं, आत गादीकडे बघितलं नाही, आणि म्हणाले, "छलो आहे. घे." छलो म्हणजे चांगली, तेही कन्नडमधून.

हिला घरी सोडल्यावर मी विचारलं, "डॉक्टर, तुम्हाला सगळं कळलं होतं ना?"

"पहिल्या शब्दापासून."

"मग बोलला का नाही?"

गाडी चौकातून वळवून ते म्हणाले, "बोललो असतो तर ते दोघे परत बोलले नसते."

"चुका फार करतात पण."

"ढीगभर. धाकटा तर दर वाक्यात री लावतो." मग म्हणाले, "असू दे. आपण तरी कन्नड कुठे शुद्ध बोलतो?"

हा माणूस असं म्हणेल यावर माझा विश्वास बसेना.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी भर दुपारी मी बाजारात गेलो होतो. दवाखाना दुपारी बंद असतो. बसण्णांच्या दुकानाला लागून एक बंद दुकान आहे, त्याच्या पायरीवर मेहुणे बसले होते, मोबाइलमध्ये डोकं घालून, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखे. त्यांनी मला पाहिलं नाही. मी मागच्या गल्लीतून दुकानात शिरलो आणि बसण्णांना हळूच विचारलं, "बाहेर कोण बसलंय, ठाऊक आहे ना?"

"हौद री, ठाऊक आहे की," बसण्णा म्हणाले. "रोज येतात. आत या म्हटलं तर उठून जातील. सुम्न कुंदरू देत त्यांना. इथं येऊन गप बसू देत."

मग ते गादीच्या एका टोकाला बसले आणि दुसऱ्या टोकाला घड्या घालणाऱ्या भावाशी बोलू लागले, घोमाळीत, बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. आईचा गुडघा दुखतोय, तिला उद्या तू नेतोस की मी नेऊ, असं काहीतरी चाललं होतं. गुडघ्याला शब्द नसावा, त्यांनी दातदुखीतलाच एक वापरला. मला तिथे थांबवेना आणि उठवेना. दोघे भाऊ कितीतरी वेळ तसेच मोठमोठ्याने बोलत राहिले. दुकानात त्या वेळी एकही गिऱ्हाईक नव्हतं.