अंबडचा इंटरव्ह्यू

माणूस शिकून शिकून किती येडा होऊ शकतो, हे बघायचं असल तर माझ्याकडं बघा. चहा घ्या आधी, मंग सांगतो. मधात हसायचं न्हाई. म्हणजे हसलात तरी चालल, पण चहा सांडू नका.

मी जालन्यात खोली करून राहतो. गाव टेंभुर्णी. तुरीच्या वाणांवर पीएच.डी. करून राह्यलो. फेलोशिप संपत आल्ती, नोकरीचा पत्ता न्हाई, आणि आई रोज फोनवर विचारायची, "तुझी ती तूर कधी शिजायची रं?"

अशात विद्यापीठानं आम्हा संशोधक विद्यार्थ्यांसाठी जालन्यातल्याच एका कॉलेजात कार्यशाळा ठेवली. व्यावसायिक विकासाची. संवादकौशल्य, मुलाखत, ओळखी कशा वाढवायच्या, असं सगळं. शिकवायला पुण्याहून एक मॅडम आल्त्या. त्यांनी पहिल्याच दिवशी 'एलिव्हेटर पिच' नावाची गोष्ट सांगितली. म्हणजे काय, तर समजा तुम्ही लिफ्टमध्ये आहात, शेजारी एखादा मोठा साहेब उभा आहे, तर लिफ्ट वर जाईपर्यंत आपण कोण आणि आपल्याला काय पाहिजे, ते त्याला सांगून मोकळं व्हायचं.

मी हात वर केला. "मॅडम, आमच्याकडं लिफ्टच न्हाईत फारशा."

"मग बसमध्ये करा!" मॅडम म्हणाल्या. "पुढच्या सत्राला प्रत्येकानं एका तरी अनोळखी माणसाला आपली पिच देऊन यायचं."

झालं! माझ्या हातून पुढं जे काही झालं, त्याची सुरुवात इथं आहे.

माझा रूमपार्टनर इरफान. तोही पीएच.डी.वालाच, रसायनशास्त्राचा. त्याच्यासमोर मी दोन दिवस घोकंपट्टी केली. तो म्हणायचा, "बिलकुल बढिया! फक्त जल्दी बोल, आणि नजर खाली नको पाडू."

मंग तुरीच्या एका प्लॉटची पाहणी करायला मी अंबडच्या बसमध्ये बसलो. शेजारी एक गृहस्थ. पांढरा शर्ट, खिशाला पेन, कपाळाला गंध, आणि मांडीवर बियाण्याच्या एका मोठ्या कंपनीची पिशवी! मी मनात म्हणलं, देव पावला. हा माणूस नक्की कंपनीतला, आणि वयावरून बघितलं तर चांगल्या पोस्टवरचा.

घसा खाकरला आणि सुरू झालो. "नमस्कार काका. मी योगेश. मूळचा टेंभुर्णीचा. एम.एस्सी. पहिल्या वर्गात पास, आता पीएच.डी. संपत आली. मेहनती आहे, निर्व्यसनी आहे, माणसं जोडून राहायची आवड आहे. आता आयुष्यात स्थिर व्हायचा विचार करून राह्यलो. तुमच्या पाहण्यात कोणी असल तर जरूर सांगा."

आता तुम्ही म्हणाल, ह्यात निर्व्यसनी कुठून आलं? अहो, मॅडम म्हणल्त्या, आपली मूल्यं सांगा. मला दुसरं मूल्यच सुचलं न्हाई.

काकांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. चप्पल बघितली. केस बघितले. मंग जरा सरकून बसले आणि म्हणाले, "घरी कोण कोण?"

"आई-वडील, एक बहीण."

"बहिणीचं झालं का?"

"हो, झालं."

"शेती?"

"आहे ना. विहिरीला पाणीही आहे."

मला तर भरूनच आलं. बियाण्याची कंपनी शेतीचं विचारणारच की! आणि बहिणीचं कशाला विचारलं असल? माणसामागं जबाबदाऱ्या किती, बदली झाली तर जाईल का, हे कंपनी बघतेच. मॅडमनी सांगितलं होतं, समोरचा प्रश्न विचारायला लागला की समजा पिच लागू पडली.

"चष्मा कधीपासून?"

"एम.एस्सी.पासून. सूक्ष्मदर्शकात बघून बघून लागला."

"हं. म्हणजे जन्मजात न्हाई."

हा प्रश्न मला जरा वेगळा वाटला. पण प्रयोगशाळेचं काम असल, म्हणलं.

अंबडचा स्टँड आला. काकांनी माझा नंबर घेतला, बापाचं पूर्ण नाव, आजोळ कुठलं, सगळं विचारून घेतलं आणि म्हणाले, "रविवारची तारीख धरा. घरीच या. आमची मंडळी पण बघतील तुम्हाला. येताना सोबत कोणी तरी आणा, एकटं बरं दिसत न्हाई."

खोलीवर आलो आणि इरफानला मिठीच मारली. तो जरा सावध माणूस. "इंटरव्ह्यू घरी? आणि सोबत कोणी तरी आणा?"

"अरे, रेफरन्स पाहिजे असल!"

"हां, बराबर. मोठे लोक असे इन्फॉर्मलच घेतात. मंग मीच येतो तुझा रेफरन्स."

आईला फोन केला. म्हणलं कंपनीचं बोलावणं आलंय. तिनं संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाला सांगितलं. वडिलांनी शेजाऱ्याला सांगितलं की पोरगं साहेब होऊन राह्यलं. आता मागं फिरायला जागा होती का? तुम्हीच सांगा!

रविवारी आम्ही दोघं इस्त्रीचे कपडे घालून अंबडला. हातात माझी फाईल, सगळी सर्टिफिकेटं लावून. घर नीटनेटकं, अंगणात सडा, दारात रांगोळी. मी इरफानला म्हणलं, "बघ, काय संस्कृती आहे ह्या कंपनीची!"

आत गालिचा अंथरलेला. काका होते, त्यांचे एक मेहुणे होते, मिशीवाले. आतल्या खोलीच्या दाराशी काकू उभ्या. मी मनात धरलं, हे पॅनेल. मिशीवाले ते कडक परीक्षक. प्रत्येक पॅनेलमध्ये एक असतोच.

पोहे आले. मिशीवाल्यांनी सुरुवात केली. "शिक्षण अजून किती दिवस चालणार?"

"प्रबंध लिहून राह्यलो. लवकरच संपल."

"आणि मंग?"

"मंग पूर्ण वेळ तुमच्याकडंच!"

काका-मिशीवाले एकमेकांकडं बघायला लागले. "आमच्याकडं? म्हणजे इथं अंबडला राहणार?"

"तुम्ही ठेवाल तिथं राहीन."

दाराशी काकू पदर तोंडाला लावून खुसफुसल्या, "अगं बाई, घरजावई!" मला नीट ऐकू आलं न्हाई. मला वाटलं घरभाडं म्हणाल्या. चांगलंय, म्हणलं, घरभाडंही देऊन राह्यले!

तिथून मला आत्मविश्वास आला. आणि आत्मविश्वास आला की माझं कधीच बरं झालेलं न्हाई. मॅडमनी शिकवलं होतं, पगाराचा विषय काढायला लाजू नका, फक्त आकडा आपण आधी बोलू नका. मी पोह्याची ताटली खाली ठेवली आणि एकदम व्यावसायिक आवाजात म्हणलं, "काका, मोकळं बोलतो. तुमच्याकडून पॅकेज काय राहील?"

काकू दारातून एक पाऊल मागं सरकल्या.

"पॅकेज?" मिशीवाल्यांच्या मिशा हलल्या.

"म्हणजे तुम्ही काय द्यायचं ठरवलंय? आकडा मी सांगणार न्हाई. तुम्हीच सांगा."

इरफानला वाटलं, दोस्ताला आधार द्यावा. "ह्याला दुसरीकडून पण ऑफर आहेत, साहेब. पण ह्याचं मन तुमच्याकडंच आहे."

मिशीवाले उभेच राहिले. "बघा दाजी! शिकलेलं पोरगं, शिकलेलं पोरगं म्हणत होता ना? तोंडावर हुंडा मागून राह्यलंय! वर आकडा आपणच सांगायचा!"

हुंडा! मी ऐकलं हो ते. पण कसं ऐकलं माहीत आहे? मला वाटलं, गावाकडची माणसं, गमतीनं पगाराला हुंडा म्हणत असतील. मी चक्क हसलो!

काकांनी मेहुण्यांचा हात धरून खाली बसवलं. कोर्टात बसणाऱ्या माणसासारखे शांतपणे म्हणाले, "थांबा. एकदम निकाल नको. मुलीला बोलवा. दोघांना बोलू द्या."

आतून एक मुलगी आली. साधी साडी, हातात चहाचा ट्रे. ट्रे ठेवून समोरच्या खुर्चीवर बसली. काका म्हणाले, "ही स्वाती. एम.कॉम. झालंय, बँकेच्या परीक्षा देऊन राह्यली. विचारा काय विचारायचं ते एकमेकांना."

मी ओळखलं! ग्रुप डिस्कशन! म्हणजे ही दुसरी उमेदवार, जागा एक, आणि दोघांना समोरासमोर बसवलंय. मॅडमनी सांगितलंच होतं, अशा वेळी आपण पुढाकार घ्यायचा.

मी पुढाकार घेतला. "नमस्कार. तुम्हाला ह्याच्या आधीचा किती अनुभव आहे?"

काकांच्या हातातला कप हवेतच थांबला.

"कशाचा?" स्वाती म्हणाली.

"ह्याच क्षेत्रातला. न्हाई, नवखं असलं तरी हरकत न्हाई, शिकता येतं. पण सुरुवातीला दोन-तीन ठिकाणी काम केलेलं बरं असतं."

मिशीवाले परत उठले. ह्या वेळी बाह्या सारत. इरफाननं दाराकडं बघून ठेवलं. मला अजूनही वाटून राह्यलं होतं की हा ताणतणाव हाताळायचा प्रश्न आहे. तसा एक प्रश्न मुद्दाम ठेवतात म्हणे!

"मामा, थांबा," स्वाती म्हणाली. ती माझ्या मांडीवरच्या फाईलकडं बघत होती. मंग माझ्याकडं बघितलं आणि लहान पोराशी बोलावं तसं हळूहळू विचारलं, "तुम्ही इथं नेमकं कशासाठी आलात?"

"इंटरव्ह्यूला."

"कसल्या?"

"कंपनीच्या. बियाण्याच्या. काका ज्या कंपनीत आहेत तिथल्या."

"बाबा कोर्टात क्लार्क आहेत."

तुम्हाला सांगतो, त्या क्षणी माझ्या पायाखालचा गालिचाही मला नको म्हणत असल. इरफाननं माझ्याकडं बघितलं, मी पोह्यांकडं. स्वातीनं पदर तोंडाला लावला आणि जी हसायला लागली! मंग काकू हसल्या. काका मात्र सगळं नीट समजून घेतल्याशिवाय हसणाऱ्यांतले न्हाईत. त्यांनी माझी उलटतपासणीच घेतली.

"बसमध्ये म्हणालात, पाहण्यात कोणी असल तर सांगा?"

"कंपनीतलं कोणी, काका."

"स्थिर व्हायचंय म्हणालात?"

"नोकरीत."

"निर्व्यसनी?"

"ते... मॅडमनी मूल्यं सांगा म्हणल्तं."

"आणि मी कंपनीतला, हे कुणी सांगितलं?"

मी भिंतीच्या खुंटीला टांगलेल्या पिशवीकडं बोट दाखवलं. काकांनी मान हलवली. "अहो, भाच्यानं हिच्यात बियाणं आणल्तं. मी भाजी आणतो तिच्यात. जालना जिल्ह्यात अशी पिशवी कोणाच्या घरी न्हाई?"

बरोबर होतं. माझ्या स्वतःच्या खोलीवर तसल्या पिशवीत कांदे होते.

माणसं मात्र भली. जेवल्याशिवाय सोडलं न्हाई. मिशीवाले मामा तेवढे शेवटपर्यंत माझ्याकडं संशयानं बघत होते. पोळी वाढताना सुद्धा म्हणाले, "आकडा सांगा, किती वाढू?"

संध्याकाळी आईचा फोन. लपवून काय उपयोग? सगळं सांगितलं. मला वाटलं, आता रडल. ती म्हणाली, "पोरगी कशी होती?"

"चांगली होती. हुशार आहे. हसरी आहे."

"मंग येड्या, तिथंच हो म्हणायचं ना! नोकरी काय, लागंल मागून."

खरं सांगू? रात्रभर तेच डोक्यात. म्हणलं, झालं ते एका अर्थी चांगलंच झालं. एवढ्या गोंधळात पण तिनंच ओळखलं ना मला? आणि हसली ती काही वाईट हसली न्हाई. इरफानला विचारलं तर तो म्हणाला, "सो जा भाई. जितका तू विचार करतो तितकी गडबड होते."

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांचा फोन आला. मी घसा खाकरला, केसांवरून हात फिरवला. फोनवर केस दिसत न्हाईत, हे मला माहीत आहे.

"योगेशराव, घरात चर्चा झाली. मुलीकडून नकार आहे."

"पण काका, मी तर मागणी घातलीच नव्हती!"

"ते बराबर. पण तुम्ही आलात, पोहे झाले, मुलगी समोर बसली. म्हणजे होय-न्हाई कळवायला पाहिजे. माणसाला लटकवून ठेवणं चांगलं न्हाई."

आता गप फोन ठेवायचा ना? न्हाई! कार्यशाळेत शिकवलं होतं, नकार आला तर अभिप्राय विचारा, त्यातून प्रगती होते. मी विचारलं, "काही कारण, काका?"

"कारण तसं मोठं न्हाई. स्वाती म्हणाली, मुलगा सरळ आहे, शिकलेला आहे, घरही चांगलं दिसतंय. फक्त बोलायला लागला की काय बोलून राह्यला ते समोरच्याला कळत न्हाई."

फोन ठेवला आणि बसून राह्यलो. वर्षभरात किती कंपन्यांना अर्ज केले असतील मी! एकीनंही हूं की चूं केलं न्हाई. आणि जिथं अर्जच केला नव्हता, तिथून दुसऱ्याच दिवशी नकार आला. तोही कारणासकट, आणि कारणही बराबर!