कापसाच्या समुद्रातलं जहाज

आधी चहा पिऊन घ्या, कारण पुढचं ऐकताना तुम्ही हसणार आणि तो माझ्या सतरंजीवर सांडणार. माणसाची फजिती होते ती कुठे? घरात, फार तर कामाच्या जागी. माझी झाली भर मैदानात, रावणाच्या साक्षीनं, आणि तीही एका युद्धनौकेपायी. आता बाभुळगावात युद्धनौका कुठून आली म्हणाल. बेंबळा नदीला पूर आला की आम्ही पुलावर उभे राहून पाणी पाहतो, एवढाच आमचा पाण्याशी संबंध.

तर ती नौका होती वसंतकाकांची. काका आमच्या शेजारचे. जन्म इथला, पण सारी नोकरी नेव्हीत झाली. झेंडे आणि दिवे दाखवून एका जहाजावरून दुसऱ्या जहाजाला निरोप द्यायचा, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन गावात आले, पण इथे समुद्राच्या गोष्टी ऐकायला कोणाला वेळ? काका वादळाचं वर्णन करायला लागले की समोरचा म्हणायचा, "ते जाऊ द्या काका, यंदा कापसाले भाव काय निघते?"

त्यांच्या परदेशातल्या मुलानं एकदा भलंमोठं खोकं पाठवलं. आत प्लास्टिकची युद्धनौका, पण सुट्या तुकड्यांत. सगळं जोडून, रंगवून पुरं केलं की अडीच हात लांब जहाज व्हावं. काका ज्या जहाजावर होते, अगदी त्याच जातीचं.

पण काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला आणि बोटं थरथरणारी. ते खोकं उघडायचे, तुकड्यांवरून हात फिरवायचे आणि झाकण लावून ठेवायचे. मला ते बघवेना. आणि मला एक खोड आहे, बघवलं नाही की मी बोलून जातो.

"काका, तुम्ही नागपूरला लेकीकडे जाऊन डोळ्यांचं ऑपरेशन करून या. तोवर जहाज मी बांधतो. दसऱ्याला सोनं द्यायला येईन तेव्हा तुमच्या हातात ठेवीन."

"तुले जमन का रे अरुण?"

"जिनिंगच्या वजनकाट्यावर बसतो मी काका. आमची नजर पक्की असते."

काकांनी दोन्ही हातांनी खोकं उचलून माझ्याकडे दिलं. लेक सासरी धाडताना बापाचं तोंड होतं ना, तसं त्यांचं झालं होतं.

वेळ मला रग्गड होता. ती कापसाची वाईट वर्षं होती. जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या आवारात जिथे बैलगाड्यांची रांग लागायची तिथे बकऱ्या चरत होत्या. दिवसभर काय करायचं म्हणून मी काट्यावर उभा राहून स्वतःचं वजन करायचो. काटा ट्रकांचा, तो मला शून्यच दाखवायचा. त्यापेक्षा जहाज बरं.

घरी आल्यावर पुढच्या खोलीची गोदी झाली. नेलकटरनं तुकडे कापायचे, पॉलिश पेपरनं घासायचे, गोंद लावायचा आणि वाळेपर्यंत चिमट्यात धरून ठेवायचे. चिमटे अर्थातच कपडे वाळवायचे.

"अहो, माझे चिमटे कुठे गेले?" शोभा, म्हणजे आमचं गृहखातं, अंगणातून विचारायची.

"जहाजाला लावलेत. गोंद ओला आहे."

"मंग तुमचं बनियान शेजारच्या पपईवर वाळून राह्यलं, तेवढं घेऊन या."

एकदा तिनं पोह्यांतून एक तोफ काढून मुकाट्यानं माझ्या ताटलीच्या काठावर ठेवली. भांडली असती तर परवडलं असतं. पण खरं सांगतो, डोलकाठीच्या दोऱ्या ओवायची वेळ आली आणि माझी बोटं आखडली, तेव्हा शिवणाच्या धाग्याला मेणबत्तीचं मेण लावून त्या सगळ्या दोऱ्या तिनंच बांधल्या. मग गॅरेजवाल्या रहीमभाईंनी मडगार्डं रंगवायच्या स्प्रेनं करडा रंग मारून दिला. नौका अशी दिसायला लागली की मी जेवताना ताट घेऊन तिच्यासमोर बसायला लागलो.

इथवर ठीक होतं. इथे थांबलो असतो तर आज तुम्हाला सांगायला काही उरलं नसतं.

नवरात्र आलं. यवतमाळच्या देवीचे देखावे पाहायला कुठून कुठून लोक येतात, आणि आमच्या मंडळाच्या बंडूभाऊंना दरवर्षी त्याचं दुखणं लागतं. ते वर्गणी मागायला आले आणि जहाज पाहून दारातच उभे राहिले.

"भाऊ, हे देवीपुढं ठेवू ना. असं काही यवतमाळात बी नसन."

"जहाज काकांचं आहे बंडूभाऊ. दसऱ्याला त्यांना द्यायचंय."

"मंग दसऱ्यालेच देजा. तवरोक गाव पाहीन. तुमचंच नाव होईन न जी."

नाव होईन म्हटल्यावर झालं. हुरळली मेंढी, लागली लांडग्याच्या पाठी. नुसतं दिलं असतं तरी एक वेळ ठीक, पण मला वाटलं, जहाजाखाली समुद्र नको? निळा कागद तर कोणीही लावतं. मी जिनिंगच्या मालकांना, म्हणजे सेठना विचारून तिथली सरकी काढलेली जुनी रुई आणली. "ने बाबा," सेठ म्हणाले, "तशीही कोण घेऊन राह्यलं?" ती पिंजून पिंजून मी असा फेसाळता समुद्र केला की ज्याचं नाव ते. धुराड्यातून धूर निघाला तोही कापसाचाच.

पहिल्या दोन दिवसांत गावातले लोक पाहून गेले. मग आठवडी बाजाराला आसपासच्या खेड्यांतले शेतकरी आले, आणि देखाव्यापुढे गर्दी हटेना. बायाबापड्या देवीला हात जोडायच्या आणि माणसं जहाजापुढे उभी राहायची. मी हातात फडकं घेऊन शेजारीच. मालकाला शोभेल असा चेहरा करून.

एक पांढऱ्या मिशांचे म्हातारे बराच वेळ पाहत होते. म्हणाले, "बरोबर दाखवलं, बाप्पा. अगदी असंच हाय."

"हो, मापात आहे सगळं," मी म्हटलं.

"असंच येते ते. अन् खाली आपला कापूस."

"कापसाची कल्पना माझी," मी म्हटलं.

म्हाताऱ्यांनी माझा हात हातात घेतला. "सेठच्या काट्यावर बसता तुम्ही, तरी हे दाखवलं. हिंमत लागते भाऊ."

मी म्हटलं, "हिंमत नाही बाबा, धीर लागतो." मला वाटलं, ते त्या बारीक तुकड्यांबद्दल बोलताहेत.

तुमच्या ध्यानात आलं असेल. माझ्या नाही आलं. त्या वर्षी गावोगाव एकच बोलणं होतं, की बाहेरदेशाचा कापूस जहाजं भरभरून आणतात म्हणून आपला घरात पडून राहतो. आणि इथे मी, काट्यावरचा माणूस, देवीपुढे आमच्याच कापसाला तुडवत येणारं परदेशी जहाज मांडून बसलो होतो. लोकांना वाटलं, वा, काय बोललाय हा माणूस. मला वाटलं, वा, काय पाहतात हे लोक.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बंडूभाऊ फुललेल्या चेहऱ्यानं आले.

"भाऊ, लोकायचं म्हणणं हाय, उद्या जहाज मैदानावर न्यावं. रावणापाशी ठेवू. साऱ्या खेड्यायतले लोक येऊन राह्यले."

माझी मान ताठ झाली. म्हणजे जाहीर सत्कारच. "न्या की," मी म्हटलं, "पण उंचावर ठेवा, मागच्यांनाही दिसलं पाहिजे. आणि झाल्यावर काकांच्या घरी जायचंय ते."

बंडूभाऊंनी फक्त पहिलं वाक्य ऐकलं असावं. "तुम्ही लय मोठ्या मनाचे हा भाऊ," असं म्हणून ते माझ्या पाया पडले. पाया पडले, तरी मला शंका आली नाही. मी शोभाला पांढरा शर्ट इस्त्री करायला सांगितला आणि आरशापुढे भाषण पाठ केलं. भाषणाचा विषय, प्लास्टिकच्या जोडकामातील संयम.

संध्याकाळी मैदानावर पोचलो तर ही गर्दी. मधे दहा तोंडांचा रावण आणि त्याच्या पायाशी माझं जहाज. चांगलं उंचावर ठेवलेलं. कशावर? तर पऱ्हाट्यांच्या ढिगावर. पऱ्हाट्या म्हणजे कापसाची वाळकी झाडं, काडी दाखवली की धडधडतात. बाजूला एक जण रॉकेलची कॅन घेऊन उभा.

"बंडूभाऊ, हे काय?"

"काहून? तुम्हीच त म्हणले उंचावर ठेवा. आधी रावण पेटवू, मंग जहाज."

काका नागपूरहून त्याच दिवशी यायचे होते. त्यांना मी आपट्याच्या पानांसोबत काय देणार होतो, राख? मी धावत ढिगापाशी गेलो, हात वर केले आणि ओरडलो, "थांबा. हे कापसाचं जहाज नाही. ही युद्धनौका आहे. तोफा पाहा हिच्यावर."

मिशीवाले म्हातारे पुढेच होते. "तोफा रोखूनच त माल उतरवते ते," ते म्हणाले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"अहो, ही लढाईची नौका आहे."

"लढाईच त हाय आमच्यासंग."

"मी सगळं हातानं जोडलंय हो, एकेक तुकडा. माझं जहाज आहे हे."

"तुमचं हाय, तरी तुम्ही जाळाले देलं," म्हातारे गहिवरून म्हणाले. "असा माणूस पाह्यला नाही."

बोलावं तितकं मी रुतत होतो. लोकांच्या डोळ्यांत माझ्याबद्दल इतका आदर मी जन्मात पाहिला नव्हता, आणि तो आदरच काडी घेऊन पुढे येत होता. मागे शोभा उभी होती. ती एवढंच म्हणाली, "अहो, काका आले."

काका खरंच आले होते. एसटीतून उतरून थेट मैदानावर, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात पिशवी. गर्दीनं वाट दिली. ते ढिगासमोर उभे राहिले, चष्मा काढला आणि जहाज नीट पाहिलं. त्यांना त्या नव्या डोळ्यांनी पहिलं काय दिसावं, तर पऱ्हाट्यांच्या सरणावरचं आपलं जहाज. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

काकांनी कॅनवाल्याचा हात धरला. "कायले जाळता रे?"

"बाहेरचा कापूस घेऊन येऊन राह्यलं काका ते."

"कोण म्हणते येऊन राह्यलं?" काकांचा आवाज एकदम डेकवरचा झाला. "मी जिंदगीभर जहाजावर होतो. हे पाहा, इथं कप्तान उभा राह्यते. त्याचं तोंड कोणीकडं हाय? पाठीमागं. तोफा कोणीकडं? पाठीमागं. हे जहाज येऊन नाही राह्यलं. हे वापस चाल्लं."

मिशीवाले म्हातारे वाकून वाकून पाहू लागले. टोक एकीकडे, कप्तान दुसरीकडे. त्यांनी मान वर केली.

"म्हंजे आपल्याले पाहून वापस फिरलं?"

"फिरलं," काका म्हणाले.

मग जो गलका उठला तो यवतमाळपर्यंत गेला असेल. जहाज ढिगावरून उतरलं, लोकांनी ते डोक्यावर घेऊन मैदानाला फेरी मारली. बिचारा रावण एकटाच जळला, त्याच्याकडे पाहायलाही कोणाला फुरसत नव्हती. आणि वाजतगाजत जहाज पोचलं ते थेट काकांच्या दारात.

लोक गेल्यावर मी काकांना आपट्याची पानं दिली, पाया पडलो आणि म्हटलं, "काका, माफ करा मला. पण काय डोकं चालवलं हो तुम्ही. ऐन वेळी काय थाप मारली."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "थाप कायची रे?"

"ते कप्तान पाठीमागं, तोफा पाठीमागं."

काका उठले. त्यांनी माझं बोट धरलं आणि जहाजाच्या टोकापासून मागेपर्यंत नेलं. टोक पूर्वेला. कप्तानाच्या खोलीचं तोंड पश्चिमेला. धुराडं, तोफा, दिवे, सगळं पश्चिमेला. तेव्हा मला आठवलं, वरचा मजला बसवताना खाचा जुळत नव्हत्या. बनवणाऱ्याचीच चूक असणार म्हणून मी कानस मारून मारून तो बसवला होता. पक्क्या नजरेनं.

शोभा तोंडाला पदर लावून आत गेली. तिच्या हसण्याचा आवाज पदराला आवरत नव्हता.

"काका, मी काढतो. पुन्हा सरळ करतो."

"हात नको लावू," काका म्हणाले. त्यांनी खुर्ची ओढली आणि जहाजासमोर बसले. "सारी नोकरी मी डेकवर उभा राहून मागंच पाहत होतो बापा. बाभुळगाव तिकडंच होतं."

मी त्यांच्या पायाशी बसलो. त्या रात्री काकांनी वादळाची गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगितली. दारात दहा-बारा माणसं येऊन बसली होती, आणि कोणीही मधेच भाव विचारला नाही.

आता तुम्ही म्हणाल, शेवट गोड झाला की. गोड झाला, पण काकांचा. माझं काय झालं ते ऐका. पुढच्या नवरात्राआधी बंडूभाऊ पुन्हा घरी आले, या वेळी विमान पाहिजे म्हणून. मी मागच्या वर्षी उलट्या बसवलेल्या मजल्याची चूक कबूल केली आणि शपथ घेऊन सांगितलं, की यंदा एकेक तुकडा तीन तीनदा पाहून बसवीन, एकही चूक होणार नाही.

बंडूभाऊंचा चेहरा पडला.

"मंग राहू द्या भाऊ," ते म्हणाले. "सरळ त कोणी बी बनवते. आम्ही तुमच्याकडं कायले आलतो?"