यादीतला सगळ्यात लांब स्फोट

मी सरांवर डूख धरून होते. हे तेव्हा कुणाला सांगितलं नाही, पण आज लपवावं असंही काही वाटत नाही.

सोलापुरात मी पीएचडी करत होते आणि सर माझे मार्गदर्शक. दूर आकाशात एखादा प्रचंड तारा कोसळतो किंवा दोन मेलेले तारे एकमेकांवर आदळतात, तेव्हा गॅमा किरणांचा स्फोट होतो आणि उपग्रहावरचे डिटेक्टर तो टिपतात. दोन सेकंदांहून लांब चालला तर बहुधा कोसळलेला तारा, आखूड असला तर बहुधा टक्कर. उपग्रहाच्या नोंदींतून नजरेतून सुटलेले स्फोट शोधायचे आणि त्यांची अशी वर्गवारी करायची, हे माझं काम. भवानी पेठेतल्या भाड्याच्या खोलीत दोन वर्षं मी एकेक आलेख डोळे फोडून बघितला. सरांनी एकही उघडला नाही. "दोन सेकंदांची रेघ आहे की. त्यात बघायचं काय?" असं म्हणायचे.

मग एका सकाळी त्यांचा शोधनिबंध छापून आलेला दिसला. यादी माझी, आलेख माझे, नाव एकट्या सरांचं. मी शेवटी आभारांत, संगणकाच्या मदतीबद्दल. तळपायाची आग मस्तकात गेली. श्रीपूरला आईला फोन केला तर ती म्हणाली, "गप ऱ्हा. तुजी पदवी तेंच्या हातात हाय."

राहिले गप्प. पण सरांनी उचललेली यादी जुनी होती. ज्या सगळ्यात लांब स्फोटावर त्यांनी अख्खा निबंध उभा केला होता, तो स्फोट नव्हताच. खरा स्फोट एका बाजूने येतो, म्हणून त्या बाजूकडे तोंड असलेल्या डिटेक्टरांत जास्त दिसतो. हा सगळ्यांत सारखाच चढला होता. उपग्रह विद्युतभारित कणांच्या पट्ट्यात शिरत होता, एवढंच. मी तो माझ्या यादीतून काढूनही टाकला होता. सरांना सांगायचं राहिलं होतं, आणि आता तर मी मुळीच सांगणार नव्हते.

थंडीत सरांनी शेतावर हुरडा पार्टी ठेवली. पुण्याचे एक ज्येष्ठ शास्त्रज्ञ पाहुणे होते आणि सरांना त्यांच्या प्रकल्पात शिरायचं होतं. आम्हा विद्यार्थ्यांना आगटीपाशी बसवलं, कणसं भाजायला आणि चोळायला. तळहात पोळत होते. मागे बाजेवर सर लॅपटॉप उघडून सांगत होते, "हा सगळ्यात लांब. मी स्वतः शोधला."

पाहुणे म्हणाले, "प्रत्येक डिटेक्टरचा आलेख वेगळा दाखवा ना."

सरांना फाइलच सापडेना. त्यांनी मला हाक मारली. मी ओढणीला सावकाश हात पुसले, फाइल उघडली आणि लॅपटॉप पाहुण्यांपुढे सरकवला. त्यांनी हातातला हुरडा खाली ठेवला. "अहो, हे सगळीकडे सारखंच आहे. हा स्फोट कसा?"

सर माझ्याकडे बघायला लागले.

"नाहीच तो स्फोट, सर," मी अगदी गोड आवाजात म्हणाले. "मी तो कधीच काढून टाकलाय. विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. मी ते नीट बघून घेतलं आणि परत जाऊन शेंगाचटणीबरोबर पोटभर हुरडा खाल्ला.

सरांना निबंध मागे घ्यावा लागला. त्याच्याबरोबर माझे खरे स्फोटही गेले, कारण असल्या यादीला कोण हात लावणार? नव्या मार्गदर्शक बाईंनी मला वेगळा विषय देऊन पहिल्यापासून सुरुवात करायला लावली.

हे ऐकून आईने फोनवर विचारलं, "तुजी दोन वर्सं मिळाली का परत?"

"नाही."

"मग मिळालं काय गं?"

"त्यांचं तोंड बघायला मिळालं."

आईने तिकडे टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "कसं झालं हुतं, सांग की."